शंकरपाळ्यातला शंकर

दिवाळीच्या ताटातल्या सगळ्या पदार्थांत देवाचे नाव लावण्याचा मान एकट्या शंकरपाळ्याला मिळाला आहे. लाडवाला तो नाही, करंजीला नाही, आणि ज्याच्यासाठी घरातल्या बायका तीन-तीन दिवस तांदूळ भिजत घालतात त्या अनारशालाही नाही. मैद्याची पोळी लाटावी, कातण्याने तिरकी कापावी, तुपात सोडावी, एवढी साधी कृती. पण नाव मात्र थेट कैलासावरचे!

लहानपणी आमच्या सिन्नरात ह्या नावाचा उलगडा दर घरी निराळा होत असे. कोणी म्हणे, तिरक्या तुकड्याला बेलाच्या पानाचा आकार येतो म्हणून. कोणी म्हणे, पार्वतीने हे पहिल्यांदा केले आणि शंकराने पाळण्यात बसून खाल्ले म्हणून. शंकर पाळण्यात कशाला बसेल, असे विचारण्याची सोय नव्हती. गाव महादेवाचे, गावाबाहेर गोंदेश्वराचे एवढे मोठे देऊळ. तेव्हा खाऊही महादेवाचाच असणार, यात आम्हा पोरांना काही गैर दिसत नव्हते.

खरा प्रकार असा, की ह्या शंकराचा कैलासाशी काडीचाही संबंध नाही. तो इराणातून आला. फारसीत शकर म्हणजे साखर आणि पारा म्हणजे तुकडा. साखरेचा तुकडा तो शकरपारा. उत्तरेकडे आणि गुजरातेत तो अजून शक्करपारा याच नावाने राहतो. मराठी घरात आल्यावर मात्र त्याचे नव्याने बारसे झाले. परक्या शब्दाचा अर्थ लागेना, म्हणजे माणसे त्याला ओळखीच्या कोणाचे तरी नाव देऊन मोकळी होतात. आणि आपल्याला शंकराइतका ओळखीचा दुसरा कोण?

पण गंमत पुढेच आहे. फारसीतली ही शकर तरी कोठली? ती आपल्याच घरची. संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात खडा, वाळूचा जाडसर कण. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटले आहे. उसाचा रस आटवून त्याचे कण पडू लागले, तेव्हा पाहणाराला ते वाळूसारखे दिसले आणि तोच शब्द त्यांना चिकटला. ही शर्करा घरात राहिली ती झिजून साखर झाली. व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर पश्चिमेला गेली ती इराणात शकर झाली, अरबांकडे सुक्कर झाली, आणि युरोपात फिरत फिरत इंग्रजांच्या चहात शुगर होऊन पडली. तिची धाकटी बहीण खंड. खंड म्हणजे तुकडा. तीही त्याच वाटेने गेली. इराणात कंद झाली आणि शेवटी कँडी होऊन, परदेशात राहणाऱ्या नातवंडांच्या खिशातून आता आपल्याकडे परत येते. तेव्हा शंकरपाळे ही परकी बाई नव्हे, सासरचा पेहराव करून भाऊबिजेला माहेरी आलेली लेक आहे. माहेरच्यांनी तिला ओळखले नाही आणि देवाघरची पाहुणी म्हणून पाटावर बसवले, इतकेच. हिंदी बोलणाऱ्यांनी तर आणखी बहार केली आहे. ते साखरेला चिनी म्हणतात आणि खडीसाखरेला मिसरी म्हणजे इजिप्तची म्हणतात. ज्या देशाने जगाला साखरेचे नाव दिले त्या देशातच साखर चीनची आणि मिसरची ठरली!

फराळाची कथा याहून चमत्कारिक. फराळ म्हणजे फलाहार. उपासाच्या दिवशी अन्न वर्ज्य, तेव्हा चार फळे खाऊन राहावे, हा त्या शब्दाचा सात्त्विक उगम. मग फळांच्या जागी साबुदाणा आला, शेंगदाणे आले, बटाटा आला. (हे बटाटा नावही पोर्तुगिजांनी आणून दिलेले.) उपासाच्या ताटात एवढी दाटी झाली, की जेवणाखेरीज जे जे खावे ते सगळे फराळ, असा अर्थ झाला, आणि आज ज्या ताटात औषधाला म्हणून फळ नसते त्या ताटाला आपण निःशंक मनाने फराळाचे ताट म्हणतो. वर पुन्हा दुसऱ्यांदा आग्रह करतो.

दाराशी टांगलेल्या आकाशकंदिलाकडे पाहा. आकाश संस्कृत आहे, कंदील अरबांकडून आला. अरबांनी तो ग्रीकांकडून घेतला आणि ग्रीकांनी रोमनांच्या कँडेला ह्या शब्दावरून. कँडेला म्हणजे मेणबत्ती, आणि ज्या लॅटिन धातूपासून ती निघाली त्याचा अर्थ चकाकणे. भाषाशास्त्राचे पंडित सांगतात, की ह्या धातूचे आणि आपल्या चंद्राचे मूळ एकच. मला हे कळले त्या दिवशी मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो. दिवाळीची मुख्य रात्र अमावास्येची. चंद्राची त्या रात्री सुट्टी. आणि आपण काय करतो, तर रोम, ग्रीस, अरबस्तान, इराण असा प्रवास करून आलेला त्याचाच एक चुलतभाऊ दोरीने ओढून दाराशी टांगतो.

पण सगळीच सारखी दिसणारी नाती खरी नसतात, हेही सांगून ठेवतो. नाही तर शब्दांचा नाद लागलेला माणूस शेवटी शंकर पाळण्यात बसवतोच. दिवा आणि दिवस हे बाप-लेक वाटतात, पण नाहीत. दिवा दीपापासून आला आणि दिवस दिव् म्हणजे तळपणे ह्यापासून. दिवाळी अर्थात दिव्याच्या घराण्यातली, दीपावली. आणि दिवाळे? देणी भागेनाशी झाली म्हणजे व्यापाऱ्याने भर दिवसा दुकानात दिवा लावून बसावे, म्हणजे गावाने काय ते समजावे, अशी जुनी रीत सांगतात. एकाच ज्योतीने एका घरात सण होतो आणि दुसऱ्या घरात बुडाल्याची दवंडी.

आता सिन्नरविषयी. नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागले, की साधारण पाऊण तासात हे गाव येते. हल्ली लोक ते बाहेरूनच ओलांडून शिर्डीकडे वळतात, त्यामुळे गावाच्या नावाचा विचार करण्याइतके कोणी थांबत नाही. पण हे नाव थांबण्यासारखे आहे. शके ९९१ म्हणजे इ. स. १०६९ च्या एका ताम्रपटात सिंदिनेर असे जे नाव येते ते ह्याच गावाचे असावे, असे मानतात. कोणी म्हणतात, सेउणचंद्र यादवाने वसवलेले सेउणपूर ते हेच. कोणी श्रीनगराकडे बोट दाखवतात. माझ्या गावाला श्रीनगर म्हटलेले मलाही आवडले असते. पण जिभेला विचारले तर ती सिंदिनेराकडेच जाते. दि हे अक्षर गिळले, की सिन्नर हातात उरते. देवगिरीला जाण्यापूर्वी यादवांचे राज्य ह्या भागात वाढले. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरी राजधानी केली, आणि सिन्नरच्या वाट्याला देऊळ तेवढे राहिले.

त्या देवळाच्या नावातही एक माणूस लपला आहे. १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये गावची दंतकथा नोंदलेली आहे: राव शिंगुणी नावाच्या गवळी राजाने गाव वसवले आणि त्याचा मुलगा राव गोविंद याने दोन लाख रुपये खर्चून देऊळ बांधले. गोविंदाने बांधले म्हणून ते गोविंदेश्वर, आणि गोविंदेश्वराचे झाले गोंदेश्वर. हे पटवून द्यायला ताम्रपट नको. आमच्या आळीत ज्याचे नाव पाळण्यात गोविंद ठेवले त्याला दारात येईपर्यंत गोंद्या केल्याशिवाय कोणी राहिले नाही. हजार वर्षांपूर्वीचा राजपुत्र झाला म्हणून काय झाले, सिन्नरच्या तोंडून तो सुटला नाही. गवळी राजा म्हणजे कोण, हेही उघड आहे. यादव म्हणवून घेणारे राजे कृष्णाचे वंशज, कृष्ण गवळी, म्हणून राजेही गवळी. लोकांच्या स्मरणात सनावळी राहत नाही, गायी राहतात.

देवळाला सगळे हेमाडपंती म्हणतात. मधे महादेव, चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती, असे हे पंचायतन. पण हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकात महादेवराव आणि रामदेवराव यादवांच्या पदरी प्रधान होता, आणि देऊळ त्याच्या आधीचे मानले जाते. तरी काळा दगड एकावर एक चुन्यावाचून रचलेला दिसला, की आपण तो हेमाडपंतांच्या नावे लिहून टाकतो.

ह्याच यादवांच्या कारकिर्दीत ज्ञानेश्वरी लिहिली गेली, पण त्यांचे शिलालेख नुसत्या मराठीत नाहीत. संस्कृतात आहेत आणि कन्नडात तर पुष्कळ आहेत. तेव्हा आपल्या तोंडातल्या कन्नडाचे नवल वाटू नये. शंकरपाळे तळायचे ते तूप कन्नड. वाढणारी अक्का कन्नड, खाणारा अण्णा कन्नड. जेवणावर सुपारी कातरायला घेतला तो अडकित्ता, त्यातली अडके म्हणजे कन्नडातली सुपारी. पणतीचेही नाते कन्नडातल्या हणतेशी लावतात.

सुपारी आली, की विडा आला. आणि विडा आला, की माझ्या गावाचा खरा धंदा आला. सिन्नर हे विड्यांचे गाव. पानाचा विडा नव्हे, ओढायची विडी. पण दोन्ही एकाच आईची लेकरे. संस्कृतात वीटिका म्हणजे पानाची गुंडाळी. तिच्यापासून विडा झाला आणि विडीही झाली. पुढे एकाचे भाग्य उघडले. विडा पूजेत गेला, लग्नात गेला, दरबारात गेला. तबकातला विडा उचलला म्हणजे माणूस पराक्रमाला बांधला गेला. विजापूरच्या दरबारात अफजलखानाने असा विडा उचलल्याची कथा कोणाला ठाऊक नाही? विडी मात्र कोनाड्यात काडेपेटीशेजारी राहिली.

विडीच्या आत जी तंबाखू आहे तिचे नाव समुद्रापलीकडून आलेले. कोलंबस १४९२ मध्ये ज्या बेटांवर उतरला तिथल्या लोकांच्या तोंडचा तो शब्द समजतात. स्पॅनिश-पोर्तुगिजांनी तो गलबतांत भरला. अकबराच्या अखेरच्या दिवसांत असद बेग नावाचा त्याचा वकील विजापूरहून तंबाखू घेऊन गेला, तेव्हा दरबारात ती नवलाची वस्तू होती. बाहेरचे पान टेंभुर्णीचे, ज्याला व्यापारी तेंदू म्हणतात. तेंदू हा संस्कृतातला तिंदुक. आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी ह्या झाडाच्या प्रजातीला नाव दिले आहे डायोस्पायरॉस. ग्रीकांच्या झ्यूस देवाचे धान्य असा त्याचा अर्थ. विडीच्या बाहेर ग्रीकांचा देव, आत अमेरिकेतली वनस्पती, आणि वळणारे हात सिन्नरचे.

ते हात मला पाठ आहेत, कारण त्यांतले दोन माझ्या आत्याचे. दहाव्या वर्षी ती विड्या वळायला बसली आणि डोळ्यांचे ऑपरेशन होईपर्यंत उठली नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, उशाला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने. पानावर मापाचा पत्रा ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, दोरा बांधायचा आणि अंगठ्याच्या नखाने तोंड मिटवायचे. दिवसाला हजार. मधे स्वयंपाक, धुणे, चार बाळंतपणे. तंबाखूच्या धुळीने लागलेला खोकला अजून तिच्या सोबतीला आहे. विडी ओढणे वाईट, आणि वळणेही शरीराला सुखाचे नाही. हे मी जाणतो. पण त्या हजार विड्यांवर माझा आतेभाऊ शिकला, हेही जाणतो.

तिच्या तोंडचे शब्द ऐकले, म्हणजे अर्धे जग तिच्या ओट्यावर बसलेले असे. विड्या द्यायला ती कारखान्यात जाई: फारसीत कार म्हणजे काम, खाना म्हणजे घर. तिथे मुनीम बसे, तो अरबी. हजेरी घेई, तीही अरबी. पगार पोर्तुगीज. मुनिमाच्या पुढ्यातले दप्तर तर ग्रीकांच्या डिफ्थेरा ह्या शब्दाचे, ज्याचा अर्थ कमावलेले कातडे. कारण जुने लोक कातड्यावर लिहीत. घशात कातड्यासारखा पडदा आणणाऱ्या घटसर्पाला डॉक्टर जे डिफ्थीरिया म्हणतात ते ह्याच शब्दावरून. शाळेत जायला नको म्हणून दप्तर पाहून ज्या मुलांचा घसा धरतो त्यांनी हा पुरावा जपून ठेवावा.

आणि हप्ता. आठवड्याचा पैसा मिळे तो हप्ता. आमच्या आळीत देवळात श्रावणात सप्ताह बसे. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. सप्ताह म्हटले, की हात जोडायचे आणि हप्ता म्हटले, की हात पसरायचा. पुढे एका पुस्तकात वाचले, की आपला स इराण्यांच्या तोंडी ह होतो. सिंधूचा हिंदू झाला तसाच सप्तचा हफ्त झाला. सप्ताह आणि हप्ता एकच! मी हे आत्याला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग काय नवीन सांगतो? दोन्ही सात दिसांनीच पुरे व्हायचे." शब्दांचे शास्त्र न शिकलेल्या माणसांशी बोलताना ही एक अडचण असते.

गेल्या वर्षीची गोष्ट. आतेभावाच्या मुलीचे लग्न जमवायला घेतले. मुलगी माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात औषधांची तपासणी करते; शिकलेली, स्वभावाने धीट. तिचा बायोडेटा छापायचा होता. जन्मतारीख, उंची, रास, नाडी, सगळे बिनबोभाट झाले आणि गाडी एका ओळीपाशी अडली: आईचा व्यवसाय. वहिनी अजून विड्या वळते. आतेभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, तू शब्दांतला माणूस. एखादा बरा शब्द दे. समोरची माणसं पुण्याची आहेत. आपलं नाक राहिलं पाहिजे."

त्याने एक यादीही करून आणली होती. गृहिणी. गृहउद्योग. लघुउद्योजिका. मी हसलो नाही, कारण तो हसत नव्हता. वडिलांना मुलीच्या लग्नात जी भीती वाटते तिच्याशी व्युत्पत्ती सांगून भांडता येत नाही. शिवाय, बरा शब्द शोधण्याची ही हौस त्या एकट्याची थोडीच आहे? राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, शिवाजी महाराजांच्या दरबारात मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत झाला, सरनौबताचा सेनापती झाला. मग राज्यव्यवहारकोश झाला, चौदाशेच्या आसपास फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. तो रघुनाथपंत हणमंत्यांच्या नावावर आहे. त्यामागे राज्य आपले, तर भाषाही आपली, हा बाणा होता आणि तो समजण्यासारखा आहे. पण भाषेने काय केले? सेनापती ठेवून घेतला, आणि पेशव्याला मुख्यप्रधान म्हणा म्हटले तर ऐकले नाही. शेवटी एका अख्ख्या युगाला पेशवाई हेच फारसी नाव पडले. सावरकरांनी दिनांक दिला, महापौर दिला. ते आज आपल्या तोंडी रुळले आहेत, आणि तारीखही कोठे गेलेली नाही. माधव जूलियनांचे उदाहरण मला सर्वांत प्रिय. ह्या कवीने १९२५ साली फार्शी-मराठी कोश केला, मराठीत फारसी किती मुरली आहे ते शब्दागणिक दाखवून दिले. आणि १९३८ साली भाषाशुद्धीची बाजू मांडणारे पुस्तकही त्यांनीच लिहिले. टोपणनावात एक पाहुणा मात्र अखेरपर्यंत तसाच राहू दिला.

हे सगळे मनात येत होते आणि आतेभाऊ उत्तराची वाट पाहत होता. मी म्हटले, "विडीला संस्कृतात वीटिका म्हणतात. पर्णवीटिका-निर्मिती असे लिहू या का?" तो क्षणभर विचारात पडला. मला वाटते, त्याला ते आवडले होते.

आत्या खाटेवर पडून होती. झोपली आहे असे आम्ही समजत होतो. ती उठून बसली.

विडीच्या धंद्यात एक शब्द आहे, छाट. हजार विड्या घेऊन बाई गेली, की मोजून घेणारा त्यांतल्या काही बाजूला काढतो. ही वाकडी, ही पोकळ, ही लहान. ती छाट. त्या विड्यांचे पैसे नाहीत. किती काढायची हे त्याच्या मर्जीवर, आणि बाईने तोंड उघडले, तर दुसऱ्या दिवशी जास्त. आत्याच्या पन्नास वर्षांत किती विड्या छाटीत गेल्या त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

ती आतेभावाला म्हणाली, "मुनीम माझी छाट काढायचा रे. घरी येऊन तुम्ही पण काढायला लागले व्हय?"

कोणी काही बोलले नाही. वहिनी आत भांडी लावत होती, तिचा आवाज थांबला. मग मुलगीच उठली, बापाच्या हातातला कागद घेतला आणि त्या ओळीसमोर आपल्या अक्षरात लिहिले: विडी कामगार. "छापायला द्या आता," म्हणाली.

पुण्याच्या मंडळींकडून उत्तर आले नाही. आतेभाऊ अजून म्हणतो, त्या ओळीमुळे. मुलगी म्हणते, नाडी जुळत नव्हती. खरे काय ते त्या मंडळींना माहीत. दुसरीकडून विचारणा आली, ती माणसे येऊन पाहून गेली, आणि वहिनीच्या हातचा चहा घेताना मुलाची आई म्हणाली, की आमच्याकडे येवल्याला सासूबाई मागावर बसत. एवढेच बोलली. लग्न ह्या तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर आहे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. कुळ चांगले आहे यात वाद नाही. पण तिच्या बायोडेटात मुनीम आहे, पगार आहे, हप्ता आहे, कन्नड अक्का आहे, इराणी शंकर आहे. आणि कोणाकोणाला तिथेही बरा शब्द हवा असतो.

माळेगावच्या त्याच औद्योगिक वसाहतीत गारगोटी नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. मुंबईचे पाहुणे आले, की आम्ही त्यांना गोंदेश्वरानंतर तिकडे नेतो. आमच्या भागात विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना काळ्या कातळाच्या पोकळ्यांतून जे स्फटिक निघत ते आम्ही लहानपणी गारगोट्या म्हणून खिशात भरत असू आणि अंधारात एकमेकींवर घासून ठिणगी पाहत असू. (ठिणगीच्या त्या दगडाला म्हणतात चकमक, तो शब्द तुर्कांचा.) संग्रहालयात तेच दगड दिव्याखाली, काचेआड, भारदस्त नावांनी बसले आहेत. त्यांतल्या झिओलाइटला १७५६ साली क्रॉन्स्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने नाव दिले. दगड तापवला तर त्यातून वाफेचे बुडबुडे निघू लागले, म्हणून ग्रीकांचे दोन शब्द जोडून उकळणारा दगड. पुण्याजवळच्या वाघोलीला सापडणाऱ्या मोरपिशी निळ्या कॅव्हन्साइटचे नाव तर कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची पहिली अक्षरे जोडून केले आहे. म्हणजे त्याचा बायोडेटा नावातच छापलेला.

आत्याला आम्ही एकदा तिथे नेले. काचेपुढून ती सावकाश चालत गेली आणि एका पांढऱ्या खड्यांच्या ढिगापाशी थांबली. "ही साखर इथं कशाला ठेवली?" तिने विचारले. मी तिला शर्करेचा मूळ अर्थ सांगितला. तिने मान हलवली. शब्दांची गोष्ट तिला कंटाळवाणी वाटते असे नाही. फक्त ती गोष्ट तिला आधीपासून ठाऊक असते, असा तिचा चेहरा असतो.

परतताना गाडीत मी तिला नाशिकचे सांगत होतो. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, ती नासिका पडली ते नासिक. आणि शूर्पणखा म्हणजे काय, तर शूर्प म्हणजे सूप. सुपासारखी नखे असलेली ती शूर्पणखा. आपले सूप त्या शूर्पापासूनच आले.

आत्याने आपला उजवा अंगठा वर धरून पाहिला. विडीचे तोंड मिटवून मिटवून ते नख जाड आणि पिवळे झाले आहे, आता काही ते बदलायचे नाही.

"सूप होतंच," ती म्हणाली, "नख बी हाये. नाक तेवढं सांभाळलं."

मग तिने खिडकीची काच खाली करायला सांगितली, आणि मुसळगाव फाट्यापर्यंत ती लग्नाच्या रुखवतात शंकरपाळे किती किलो करायचे याचा हिशेब वहिनीशी करीत राहिली.